दादा परत घोड्यावर बसला

माझा दादा जॉकी आहे. घोड्यावरून पडल्यानंतर सात महिन्यांनी आज तो रेसमध्ये धावला. चौथा आला. रेस संपल्यावर खोगीर हातात घेऊन तो स्वतःच्या पायांनी जॉकींचं वजन करतात त्या काट्याकडे चालत गेला, आणि माझे डोळे भरून आले.

पडला तेव्हा हेल्मेटला एक बारीक तडा गेला होता, बस. कवटी वाचली, पण आत मेंदू हादरतोच, ते हेल्मेटला थांबवता येत नाही. नंतरचे दिवस आठवले की अजून पोटात खड्डा पडतो. पडदे ओढलेले, मोबाईल बंद, चमचा वाजला तरी कपाळ धरायचा. एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारायचा. लोक म्हणायचे, "बरा तर दिसतोस!" तेव्हा त्याचा चेहरा इतका पडायचा.

त्या काळात मी त्याला डेक्लन मर्फी या जॉकीबद्दल वाचून दाखवायचे. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या हेडॉकच्या रेसकोर्सवर पडून त्याची कवटी फुटली होती, आणि १९९५ मध्ये तो परतला, जिंकलासुद्धा. दादा डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "परत वाच."

आज रेसआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवतात त्या आवारात, दादाने हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा दोनदा ओढून बघितला. मग माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.