एका कोलनच्या जागेचा फरक

सकाळी डॅशबोर्ड उघडला तर जमा रकमेच्या जागी 'नॅन' लिहिलेलं. नॉट अ नंबर. आदल्या रात्रीचं रिलीज माझंच होतं. टायपस्क्रिप्टचा, म्हणजे जावास्क्रिप्टला टाइपच्या तपासणीची जोड देणाऱ्या भाषेचा, स्ट्रिक्ट (कडक तपासणीचा) मोड चालू होता आणि कोड तपासणाऱ्या कंपायलरने एकही एरर दिली नव्हती, म्हणून मी निर्धास्त झोपले होते.

लॉग चाळल्यावर बेरीज कुठे बिघडली ते कळलं. आमच्या लिसनरकडे, म्हणजे घडामोडींवर कान ठेवणाऱ्या कोडकडे, लॉगिन, लॉगआउट, पेमेंट असे सगळेच इव्हेंट येतात. त्याला मी कॉलबॅक म्हणून (इव्हेंट आला की चालवायला) दिलेलं फंक्शन मात्र फक्त पेमेंटचा इव्हेंट घेणारं होतं. आत एकच ओळ: एकूण बेरजेत इव्हेंटची रक्कम मिळवा. कोणीतरी लॉगिन केलं, त्या इव्हेंटला रक्कम नव्हतीच. बेरजेत अनडिफाइन्ड, म्हणजे 'किंमतच नाही', मिसळलं आणि तिथून पुढे सगळं नॅन.

पण हे कंपायलरने अडवलं का नाही? नियम तर असा: कुठलाही इव्हेंट घेणारं फंक्शन पेमेंटच्या जागी खुशाल द्यावं. पेमेंटपुरतं फंक्शन सगळ्या इव्हेंटच्या जागी देता येत नाही. पॅरामीटरच्या, म्हणजे फंक्शन जे घेतं त्याच्या, बाबतीत दिशा अशी उलटते, तेच कॉन्ट्राव्हेरियन्स. आणि हे तपासणारा, स्ट्रिक्ट मोडमध्येच चालू होणारा 'स्ट्रिक्ट फंक्शन टाइप्स' हा पर्याय 2017 मध्ये, टायपस्क्रिप्टच्या 2.6 आवृत्तीतच आलाय.

दुपारी शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "आधी इंटरफेस दाखव." लिसनरची रचना सांगणारी ती व्याख्या त्याने बघितली आणि लगेच बोट ठेवलं. "हे तू मेथड म्हणून लिहिलंयस."

खरंच. नाव, लगेच कंस, मग कोलन आणि व्हॉइड (काहीच परत न देणं). अशी मेथड त्या कडक तपासणीतून मुद्दाम वगळलेली आहे. नाहीतर ॲरेच्या (यादीच्या) पुशसारख्या, म्हणजे यादीत भर घालणाऱ्या, मेथडमुळे कुत्र्यांचा ॲरे प्राण्यांच्या ॲरेच्या जागी देताच आला नसता. ही सवलत रोजच्या कामाला सोयीची आहे हे मला पटतं, पण कॉलबॅकच्या इंटरफेसमध्ये ती नकोच, असं माझं ठाम मत झालंय.

कोलन नावाला लागून आणला, पुढे कंस, बाण आणि व्हॉइड. म्हणजे आता ती फंक्शन टाइपची प्रॉपर्टी झाली. सेव्ह करताच तीन ठिकाणी लाल रेघा उमटल्या. एक माझी. उरलेल्या दोन रिफंडच्या मॉड्यूलमध्ये, कित्येक महिन्यांपासून तशाच. तिथे अजून चुकीचा इव्हेंट गेला नव्हता, एवढंच.

आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत त्या दोन्ही दुरुस्त करत बसलो.