झिप उघडते, तरी ‘फाइल अवैध’: माझा अनुभव

कोडमधल्या एका ओळीच्या सुरुवातीच्या चार स्पेसपायी माझे तीन दिवस गेले. त्यातला दीड दिवस तर मी एका कार्यालयातल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

काम तसं किरकोळ. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायचा होता. दर दहा दिवसांच्या बिलाला सभासदागणिक एक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल: तारीख, सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर, रक्कम. ३१२ सभासदांच्या ३१२ फायली एका झिपमध्ये घालून वरच्या कार्यालयाच्या पोर्टलवर चढवायच्या. फायली लिहिण्याचा भाग राजारामपुरीत बसून एका दुपारीच उरकला.

पोर्टलवर झिप चढवली. लाल अक्षरांत उत्तर आलं, ‘फाइल अवैध आहे’. का अवैध, ते काही नाही. माझ्या मशीनवर सेव्हन-झिप या झिप उघडायच्या प्रोग्रॅममध्ये तीच फाइल उघडत होती, ३१२ नावं दिसत होती, कुठलंही बिल उघडून वाचता येत होतं. कार्यालयात फोन लावला. “सर, आमच्याकडं बाकी सगळ्या संस्थांच्या फायली येतात. तुमचीच बघा.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात. संध्याकाळी संस्थेच्या सेक्रेटरी आण्णांचा फोन: “इंजिनिअर, बिलं गेली काय?” काय सांगणार! मी सगळा दोष सर्व्हरवर ढकलला.

मग नाव बदलून पाहिलं, ब्राउझर बदलला, निम्म्या फायली घालून पाहिल्या. तिसऱ्या रात्री वैतागून झिप हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फायलीतला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. सुरुवातीला ‘पीके’ ही दोन अक्षरं होती. १९८९ मध्ये हा फॉरमॅट आणणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं, प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर असतात. सुरुवात ठीक होती. शेवटाकडं गेलो, तर फाइल शेवटच्या सभासदाच्या बिलावरच संपलेली! तिथं खरं तर सगळ्या नावांची यादी हवी. पुस्तकाची अनुक्रमणिका पुढं असते, झिपची मागं. कुठली फाइल कितव्या बाइटपासून सुरू होते ते त्या यादीत असतं, आणि यादीनंतर ‘पीके’, ५, ६ अशा चार बाइटनी सुरू होणारी समाप्तीची नोंद. माझ्या फायलीत दोन्हींचा पत्ता नव्हता. हिशेब घातला: प्रत्येक नोंदीला ४६ बाइट, वर नावाची ८ अक्षरं, गुणिले ३१२, शेवटी आणखी २२. एकूण १६,८७० बाइट लिहिलेच गेले नव्हते.

आणि मग कोड बघितला. आधी मी झिप थेट डिस्कवर लिहीत होतो, तेव्हा सगळं नीट होतं. मध्येच हुशारी सुचली की डिस्कवर कचरा नको, मेमरीतल्या बफरमध्येच झिप बांधू. ‘विथ’च्या ब्लॉकमध्ये (ब्लॉक संपला की हा झिप आपोआप बंद करतो) ३१२ फायली ‘राइटस्ट्र’ने घातल्या आणि त्याच ब्लॉकमध्ये, खालच्याच ओळीत ‘गेटव्हॅल्यू’ने बाइट उचलून पाठवायच्या फायलीत लिहिले. यादी लिहिली जाते झिप बंद होताना, म्हणजे ‘विथ’मधून बाहेर पडताना. मी झाकण लागायच्या आधीच डबा उचलला होता. ती ओळ चार स्पेस डावीकडं ओढली, म्हणजे ब्लॉकच्या बाहेर काढली, बस्स.

सेव्हन-झिपनं का उघडली? ते यादी नसली तरी एकेका फायलीच्या डोक्यावरची नोंद वाचत पुढं जातं. वर फाइल अर्धवट असल्याची बारीक सूचनाही देतं, ती मी तीन दिवस वाचली नव्हती. त्यामुळं झिप ‘उघडते’ यावर विसंबू नका. पाठवायच्या आधी पायथनच्याच ‘झिपफाइल’ने ती परत उघडा. यादी नसेल तर तिथंच ‘बॅडझिपफाइल’ ही चूक येते. उघडली तर ‘टेस्टझिप’ चालवा, त्यानं ‘नन’, म्हणजे बिघाड नाही, असं दिलं की पाठवा.

हां, आणि आण्णांनी एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडली तेव्हा सभासदांच्या नावांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं आली होती. लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की एक्सेलला मराठी कळते. विंडोजवर दर ओळीनंतर एक रिकामी ओळ येत असेल तर ‘ओपन’ला ‘न्यूलाइन’ रिकामं द्या. शिवाय ‘झिपफाइल’ आपणहून काहीच दाबत नाही, फायली आहेत तशा ठेवतं. आकार कमी हवा तर ‘झिप डिफ्लेटेड’ सांगावं लागतं. मला हे फाइल नको तेवढी मोठी झाल्यावर कळलं.

रात्री पावणेबाराला हिरवी टिक आली. सकाळी आण्णांना कळवलं, “गेली बिलं.” “सर्व्हर नीट झाला म्हणायचा,” ते म्हणाले. मी हो म्हटलं. कार्यालयात मात्र फोन केला नाही.