माया ठेवलीय का?

आमच्या घरात ऑस्करचा सोहळा पहिल्यांदा थेट पाहिला गेला तो १३ मार्च २०२३ला. सोमवार, पहाटेचे पाच, आणि निमित्त 'नाटू नाटू'चं. भाच्याने आठवडाभर अशी काही हवा केली होती की एरवी साडेसातच्या आत डोळा न उघडणारी मंडळीही चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसली. आई तेवढी आधीच आंघोळ करून तयार होती. ऑस्कर असो नसो, ती पाचला उठतेच.

नेमका त्याच वर्षी गालिचा लाल नव्हता. १९६१पासून लाल असलेला तो गालिचा त्यांनी शॅम्पेनच्या रंगाचा केला होता. आईने चष्मा पुसला. "रेड कार्पेट रेड कार्पेट म्हणता, आणि हा तर आपल्या हॉलच्या पडद्यासारखा मळखाऊ रंग."

आईने सांगलीत चाळीस वर्षं घरी ब्लाउज शिवले. आता मशीनवर नुसतंच झाकण असतं, पण नजर तीच आहे. समोर कुणीही येवो, आई आधी खांदा बघते, मग मुंढा म्हणजे बाहीची गोलाई, मग टक्स म्हणजे छातीपाशी घातलेल्या चुण्या, आणि चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी. लग्नात नवरीला भेटून आल्यावर 'मुलगी कशी आहे' असं विचारलं तर "बाही ओढतेय" असं उत्तर देणारी बाई ती. ऑस्कर म्हटलं की तिला नाव ठाऊक एकच, पलीकडच्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांचं. १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्या जोडीने त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातल्या कुणालाही मिळालेलं ते पहिलं. सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंचापर्यंतचे कपडे होते त्यात. "पंचाला शिलाई नाही, तरी बक्षीस मिळालं," हे आई आजही जरा नवलाने सांगते. पुढे २०१२मध्ये ती बाहुली नीट राहावी म्हणून भानूताईंनी अकादमीकडेच परत ठेवायला दिली, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे. आपल्याकडे पोरं गॅसवरचं भांडं धरायला घेतील."

तर ती सकाळ. एकामागून एक नट्या येत होत्या, वळत होत्या, मान तिरकी करत होत्या. भाची डिझायनरांची नावं घेत होती. आई दोनच प्रश्न विचारत होती. पहिला, "ही बसणार कशी?" आणि दुसरा, "आत माया ठेवलीय का?"

ज्यांच्या घरात मशीन नाही त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आमच्याकडे माया म्हणतात. ब्लाउजच्या बगलेखालच्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया ठेवायची आणि दोन-तीन टिपा मारायच्या. बाई बाळंत झाली, चाळिशीला आली, दिवाळीचा फराळ जरा जास्त झाला, की आतली एक टीप उसवायची. ब्लाउज पुन्हा अंगाला येतो. कापड वाचवायला माया न ठेवणाऱ्या शिंप्याबद्दल आई जे बोलते ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोड्याच वेळात समोर आलं. टेम्स नावाची नायजेरियन गायिका पांढऱ्याशुभ्र पोशाखात आली होती आणि त्या पोशाखाचीच एक भलीमोठी लाट तिच्या डोक्यामागे उभी होती. बसली ती, पण मागच्यांचं काय? त्यांचे माना वाकड्या केलेले फोटो नंतर जगभर फिरले. भावे नाट्यमंदिरात पुढच्या रांगेत मोठा अंबाडा आणि त्यावर अबोलीचा गजरा आला की आपली जी गत होते, तीच. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट गालाला, म्हणजे तिथल्या संग्रहालयाच्या नटूनथटून जायच्या सोहळ्याला, टायला ही दक्षिण आफ्रिकेची गायिका वाळूचा ड्रेस घालून गेली. खरोखरच वाळू, अंगाला घट्ट थापल्यासारखी. तिला पायऱ्या चढता येईनात म्हणून माणसांनी उचलून वर नेलं. नंतर डिझायनरने स्वतः कात्री घेऊन तो ड्रेस खालून कापला तेव्हा तिला पाय हलवता आले. मी आईला व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा बघितला आणि विचारलं, "मग आधीच का नाही कापला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग थोडं वाचलं, तेव्हा कळलं की तिथला सगळा मामला उसनवारीचा आहे. त्या गालिच्यावरचे पुष्कळ कपडे नटीच्या मालकीचे नसतात. रॅम्पवरच्या मॉडेलच्या मापाने एक नमुना शिवलेला असतो. तो एकीच्या अंगावरून दुसरीकडे जातो, रात्रीपुरता, दागिन्यांसकट. आपल्याकडे लग्नात जाऊबाईंचा तन्मणी घालतात तसं. उसन्या कपड्याला कात्री लावता येत नाही. मग कात्री कशाला लावायची? जे हाताशी आहे त्याला. अंगाला.

आणि अंग त्या मापात बसत नसेल तर दारं बंदच होतात. मेलिसा मकार्थी या नटीने २०१४मध्ये सांगितलं होतं की ऑस्करसाठी तिने पाच-सहा बड्या डिझायनरांना विचारलं आणि सगळ्यांनी नकार दिला. ही बाई तोवर ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेली होती. २०१६मध्ये लेस्ली जोन्स या नटीच्या सिनेमाचा प्रीमियर तोंडावर आला आणि तिला कपडे द्यायला कुणी तयार नव्हतं. तिने ते चारचौघांत बोलून दाखवलं, तेव्हा ख्रिश्चन सिरियानो हा डिझायनर पुढे झाला आणि त्याने तिला लालभडक गाऊन शिवून दिला. त्याच वर्षी ब्राइस डॅलस हॉवर्ड ही नटी गोल्डन ग्लोब पुरस्कारांना गेली ती चक्क दुकानातून विकत घेतलेला ड्रेस घालून. तिचं माप अमेरिकन सहा नंबर. आमच्या आईच्या वहीत हे माप 'बारीक' या सदरात गेलं असतं. तरीही या मापात उसन्या कपड्यांपेक्षा दुकानात जास्त पर्याय मिळतात, असं ब्राइस म्हणाली. आता आपल्यालाही कपडे दुकानातच मिळतात, त्याची बातमी होत नाही हा भाग वेगळा.

अंगाला कात्री लावायची रीत मात्र तिथे आजची नाही. जुन्या जमान्यातली नटी रीटा हेवर्थ मूळची मार्गरीटा कान्सिनो. तिचं कपाळ स्टुडिओला अरुंद वाटलं, म्हणून विजेच्या सुईने पुढचे केस मुळापासून जाळून केसांची रेघ मागे नेली आणि काळे केस तांबडे केले. नाव बदललं ते वेगळंच. आणि त्याच जमान्यातली नायिका मर्ल ओबेरॉन तर आपल्या मुंबईत जन्मलेली, १९११ची. ती जन्मभर सांगत राहिली की आपण ऑस्ट्रेलियाकडच्या टास्मानियाच्या. खरं बाहेर पडलं असतं तर त्या काळात नायिकेची कामंच मिळाली नसती. मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले, तेव्हा ल्यूसियन बॅलर्ड या छायाचित्रकाराने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसणारा एक दिवा तयार केला. उजेड समोरून सपाट पडायचा आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं. त्या दिव्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात. आता आमच्या कॉलनीत इयत्ता आठवीतली मुलगी जो गोल दिवा लावून रील करते तोही समोरूनच पडतो, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून पुसण्यासारखं काही उमटलेलंही नाही.

पण या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसलेला किस्सा मेरिलिन मनरोच्या झग्याचा.

१९ मे १९६२. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाचा कार्यक्रम. कातडीच्या रंगाची झिरझिरीत जाळी, तिच्यावर अडीच हजारांच्या आसपास चमचमते खडे. झगा इतका तंग की तो तिच्या अंगावरच शिवून घ्यावा लागला असं सांगतात. म्हणजे मायेचा प्रश्नच नव्हता. त्या एका बाईच्या त्या एका संध्याकाळच्या मापाचा कपडा. पुढे १९९९मध्ये लिलावात तो साडेबारा लाख डॉलरवर गेला आणि २०१६मध्ये रिप्लीच्या संग्रहालयाने अठ्ठेचाळीस लाख डॉलरला घेतला. अंधारात, काचेत, गारव्यात ठेवायची वस्तू.

मे २०२२मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या किम कार्दाशियनने तो मेट गालाला घातला. त्या झग्याला एक टाकाही इकडचा तिकडे करायचा नाही, अशी अट. आधी घालून बघितला तेव्हा तो वर चढेना. तीन आठवडे साखर बंद, पाव-बटाटा बंद, घामाचा सूट घालून व्यायाम, असं करून तिने सोळा पौंड, म्हणजे सात किलोच्या वर वजन उतरवलं. हे तिनेच गालिच्यावर हसत हसत सांगितलं. एवढं करूनही मागे तो पुरता मिटला नाहीच. वरून पांढरी फर पांघरली, पायऱ्या चढल्या, फोटो झाले, आणि काही मिनिटांत झगा उतरवून तिने त्याची नक्कल अंगात घातली. संग्रहालयवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नंतर जाहीरपणे नाराजी कळवली, की असे कपडे घालायचे नसतात. कपड्याचे हाल झाले असं म्हणणारे पुष्कळ निघाले. संग्रहालय म्हणालं, काही झालेलं नाही.

हे सगळं मी आईला जेवताना सांगितलं. तिने घास हातात धरून ठेवला. "एका संध्याकाळसाठी?"

"काही मिनिटांसाठी."

"आणि नक्कल होती म्हणतेस ना? मग पहिल्यापासून तीच घालायची." जरा थांबून म्हणाली, "माझ्याकडे अशा यायच्या गं मुली. लग्न महिन्यावर आलं की म्हणायच्या, काकू, कमी मापाचं शिवा, मी बारीक होणारे. मी आपली त्यांच्यादेखत टेप आवळून धरायची आणि कापताना पूर्ण माया ठेवायची. लग्नाच्या आदल्या रात्री टीप उसवायला त्यांची आई यायचीच."

त्या सकाळच्या सोहळ्यात सूत्रसंचालक जिमी किमेलने सभागृहाकडे बघून विनोद केला होता, की सगळे इतके छान दिसताहेत, तर हे ओझेम्पिक मलाही चालेल का असं वाटायला लागतं. सभागृह हसलं. आम्ही त्या वेळी हसलो नाही, कारण आम्हाला कळलंच नाही. मूळचं हे मधुमेहाचं इंजेक्शन, आणि बारीक व्हायला ते घेणारे इतके वाढले की अमेरिकेत मधुमेहींनाच त्याचा तुटवडा पडला. वजनाने खरोखर बेजार झालेल्या माणसाला डॉक्टरांनी ते दिलं तर माझं काही म्हणणं नाही. पण झगा तसाच ठेवून आत बसणारी बाई आठवड्याला एक सुई घेऊन बारीक करायची, हा धंदा आमच्या आईच्या सुईच्या बरोबर उलटा आहे.

हॉलिवूडला नावं ठेवताना मला फार मोकळं वाटतं, कारण ते लांब आहे. २०१२मध्ये ऐश्वर्या राय बाळंतपणानंतर सहा-सात महिन्यांनी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला गेली तेव्हा 'किती सुटलीय' म्हणणारे सगळे काही लॉस एंजेलिसचे नव्हते. त्यातला एक आवाज माझा होता, स्वयंपाकघरातून, हातात पोळ्यांचं लाटणं. आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो आला की पहिली प्रतिक्रिया कपड्यावर पडते आणि दुसरी वजनावर, आणि ती बहुतेक बाईचीच असते. पुरुषांना ही झळ नाही. त्यांचा काळा सूट वीस वर्षं तोच, आणि चांगला शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच कापड न सांगता सोडतो. पोट हे गृहीतच धरलेलं असतं.

एक फोटो मात्र मी आईसाठी मुद्दाम मोठा करून ठेवलाय. रीटा मोरेनो या नटीला १९६२मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा तिने मनिलात शिवलेला ड्रेस घातला होता, घेरदार आणि सोनेरी जरीकामाचा. २०१८मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, ती ऑस्करला आली ती तोच ड्रेस घालून. छपन्न वर्षांनी. वरचा गळा बदलून घेतला होता, घेर तोच. आईने मोबाइल नाकाजवळ नेऊन तो फोटो बराच वेळ बघितला. चेहऱ्याकडेही बघितलं, हे मी नोंदवून ठेवलं. मग म्हणाली, "कोण होता गं शिंपी?"

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी माझी मोरपंखी पैठणी काढली. तिच्यावरचा ब्लाउज आईनेच शिवलेला, तेवीस वर्षांपूर्वीचा. हात आत गेले, पुढचं जमेना. मी म्हटलं, नवीन शिवून घेते, आता कुठे मिळतो हा रंग. आईने काही न बोलता तो उलटा केला, उजेडाकडे धरला आणि उसवणी घेऊन बगलेखालची पहिली टीप सोडवायला बसली. धागा टचटच तुटत गेला. आतली घडी उलगडली तेव्हा बाहेरचा विटलेला हिरवा कुठे आणि आतला कुठे. जुन्या सुईच्या बारीक भोकांची एक रेघ होती, आणि तिच्या पलीकडे कापड दुकानातून आणलं त्या दिवशीइतकं गडद होतं.

"घाल," ती म्हणाली. "नाही बसला तर अजून एक टीप आहे."