शेवट न फोडता

खुनी कोण हे सांगायचं नाही, पण पुस्तक चांगलं की वाईट हे पटवून द्यायचं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्रजी रहस्यकथांवर परीक्षणं लिहायला घेतली तेव्हा पहिला पेच हाच पडला. या पुस्तकांचा सगळा जीव शेवटच्या एक-दोन प्रकरणांत, आणि नेमकी त्यांवरच बोलायची बंदी. बंगला, पाहुणे, मृत्युपत्र, एवढ्यावर पानभर कथासार लिहून होतं, पण त्याला परीक्षण कसं म्हणायचं?

वाट दाखवली ती त्याच काळातल्या एका धर्मगुरूंनी. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, कुणाला माहीत नसलेलं विष चालणार नाही, गुप्त खोली किंवा भुयार असलंच तर एकच. बरेचसे नियम मिश्कीलपणे लिहिलेत, पण त्यांच्यामागची अट पक्की आहे: हेराच्या हाती लागलेला प्रत्येक धागा वाचकालाही दिसला पाहिजे. मला हे फार सोयीचं वाटलं. शेवटाबद्दल चकार शब्द न काढता, लेखकाने डाव सरळ मांडला का, एवढं तर सांगता येतं!

मात्र त्यासाठी पुस्तक दोनदा वाचावं लागतं. पहिल्यांदा मी पेन्सिल घेऊन बसते आणि उलगडा सुरू होण्याआधी थांबून माझा संशयित समासात लिहून ठेवते. (एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत ही सोय लेखकच करतो, मध्येच गोष्ट थांबवून वाचकाला जाहीर आव्हान देतो.) दुसरं वाचन निव्वळ हिशेबतपासणीचं. धागा दिला होता का, आणि दिला असेल तर कशाखाली झाकला होता? अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वर १९२६ मध्ये वाचकाला फसवल्याचा आरोप झाला. दुसऱ्या वाचनानंतर मी पूर्णपणे ख्रिस्तीच्या बाजूची. कारण मात्र लिहिता येत नाही!

फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स यांच्याबाबतीत हा ताप कमी. ते मुळात रेल्वेतले इंजिनियर. 'द हॉग्ज बॅक मिस्टरी' (१९३३) मध्ये उलगडा करताना कुठला धागा कुठल्या पानावर दिला होता, त्याचे पृष्ठक्रमांकच छापलेत. उलट डोरोथी सेयर्सबाई 'फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१) मध्ये, मेलेल्या चित्रकाराच्या सामानातून काय गायब आहे ते हेराच्या तोंडून पोलिसाला सांगतात आणि वाचकाला म्हणतात, तुम्ही हुशार आहात, तुम्हीच ओळखा. चिडचिड झाली खरी. पण सामानाचं वर्णन आधी दिलेलं आहे, त्यामुळे गुण कापता येईनात.

या सगळ्या मोजमापाला सुरुंग लावला तो अँथनी बर्कली यांच्या 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस'ने (१९२९). विषारी चॉकलेटं खाऊन एक बाई मरते आणि सहा हौशी शोधक एकामागून एक सहा वेगळी उत्तरं देतात. पहिली पाचही, पुढचा माणूस बोलायला उठेपर्यंत, पटत राहतात. मग धागे दिले होते एवढं म्हणणं पुरत नाही. ते एकाच माणसाकडे नेतात का, हेही बघावं लागतं. तेव्हापासून खुनी मला आधी ओळखता आला की नाही, याला मी परीक्षणात किंमतच देत नाही.

सध्या जॉन डिक्सन कार यांची 'द हॉलो मॅन' (१९३५) हातात आहे. बर्फाच्छादित रस्त्यावर, साक्षीदारांच्या कानांदेखत खून, आणि मेलेल्याखेरीज कुणाचीही पावलं उमटलेली नाहीत. यातलं काहीच फोडता येणार नाही. पण १७व्या प्रकरणात या गोष्टीतले हेर डॉ. फेल तपास बाजूला ठेवतात, आपण रहस्यकथेतलीच पात्रं आहोत हे कबूल करतात आणि बंद खोलीतल्या खुनांच्या युक्त्यांवर चक्क व्याख्यान देतात. निदान त्या प्रकरणावर तरी हात आखडता न घेता लिहिणार आहे.