होॲट्झिन ओरडतो ते ठिकाण

बुधवार, रात्री उशिरा

युलियाने कोपकेचं आत्मकथन आज वाचून संपलं. गोष्ट ढोबळमानाने माहीत होती. २४ डिसेंबर १९७१, लिमाहून पुकाल्पाला निघालेलं विमान, वादळात वीज पडते, विमान हवेतच फुटतं. ९२ जणांतली १७ वर्षांची ही एकटी मुलगी, खुर्चीच्या पट्ट्यात अडकलेली, सुमारे ३,००० मीटरवरून पेरूच्या रानात पडते आणि जगते. लोक चमत्कार म्हणतात नि थांबतात.

पडून वाचणं हे निव्वळ नशीब, मान्य. पण पुढचे अकरा दिवस? कॉलरबोन मोडलेलं, चष्मा हरवलेला, पायात एकच सँडल, खायला गोड गोळ्यांची एक पिशवी. माझ्यासारखा शहरी माणूस पडल्या जागी बसून विमानांना हाका मारत राहिला असता. विमानं येत होती, पण झाडांच्या छतातून खालचं काही दिसतच नव्हतं.

तिला ते रान परकं नव्हतं. आईवडील दोघेही प्राणिशास्त्रज्ञ, १९६८ पासून पांग्वाना इथं त्यांचं संशोधन केंद्र, आणि ती तिथं राहिलेली. ओढा धरून चालत राहिलं की नदी लागते आणि नदीकाठी माणसं, हे वडिलांनी सांगितलेलं. सुक्या पाल्यात साप दिसत नाही, म्हणून सँडलचा पाय आधी पुढे टाकायचा. मग एक दिवस होॲट्झिन पक्ष्याचा आवाज आला. हा पक्षी मोकळ्या, मोठ्या पाण्याजवळच घरटी करतो, हे आईनं शिकवलेलं. दिसत काही नव्हतं, पण नदी जवळ आहे हे तिला कळलं.

शेवटी एक होडी आणि झोपडी सापडली. दंडाच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या. वडिलांनी कुत्र्याच्या जखमेवर रॉकेल ओतलेलं तिला आठवलं, तिनं होडीच्या इंजिनाचं पेट्रोल ओतलं आणि तीसेक अळ्या काढल्या. (आपल्याकडे गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात, तसंच.) होडी मात्र नेली नाही, चोरी होईल म्हणून! दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे आले.

मधलं एक पान पुढे वाचवेना. विमानातली खुर्च्यांची एक रांग डोक्याकडून जमिनीत रुतलेली, वर फक्त पाय. एक बाई होती. आई तर नसेल? तिनं काडीनं बूट सरकवून पाहिलं. नखांना रंग होता. आई नखं कधीच रंगवत नसे. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, असं ती लिहिते.

आई, मारिया, तिच्या शेजारच्याच खुर्चीत होती. तीही पडून जिवंत होती, पण जबर जखमी, हलता येत नव्हतं, काही दिवसांनी गेली. रानाची माहिती तर तिला लेकीहून कितीतरी जास्त. होॲट्झिन तिनंच शिकवलेला. माहिती असली की माणूस तरतो, असं मी दुपारपर्यंत मनाशी जुळवत आणलं होतं. ते इथं मोडलं.

युलियाने पुढे वटवाघळांची अभ्यासक झाली आणि पांग्वाना तिनंच सांभाळलं. मला आता मारियाबद्दल वाचायचंय. लिमा परिसरातल्या पक्ष्यांवर तिचं १९६४ सालचं पुस्तक आहे, स्पॅनिशमध्ये. मिळालं तर चित्रं तरी बघता येतील, ती तिनंच काढलीत.