काकूंच्या सोळा कुंड्या

नर्सरीच्या कामासोबत मी लोकांच्या घरी जाऊन कुंड्याही बघून देते. जुलैतल्या एका सकाळी कोथरूडच्या एका काकूंनी बोलावलं. गच्चीत जरबेराच्या सोळा कुंड्या. फेब्रुवारीत आणल्या तेव्हा लाल, केशरी फुलांनी भरलेल्या होत्या म्हणे. आता भर पावसात निम्म्या रोपांनी माना टाकलेल्या.

"पाणी कमी पडतंय का हो?" काकूंनी विचारलं. पानं मलूल दिसली की कुणालाही हेच वाटतं, आणि तिथेच घात होतो.

एका रोपाची पानं मुठीत धरून मी हलकेच ओढली. अख्खा झुपका हातात आला, मुळं कुंडीतच राहिली. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत लगदा आणि कुजका वास. शेजारच्या कुंडीतली माती बोटानं उकरली. क्राऊन, म्हणजे पानं-कळ्या फुटतात तो गाभा, चांगला दोन बोटं खाली गाडलेला.

मे महिन्यात माळीकाकांनी सगळ्या कुंड्यांना भर दिली होती. शेणखत, पोयटा, अगदी काठोकाठ. गुलाबाला, मोगऱ्याला करतात तसंच, मायेनं. पण जरबेराचा गाभा उघडाच लागतो. लावतानाच तो मातीच्या एक-दोन सेंटिमीटर वर ठेवायचा, कारण याची मुळं आखडतात आणि रोपाला हळूहळू खाली ओढतात. गाडला गेला की ओल धरतो, फायटोप्थोरा ही बुरशीसारखी रोग आणणारी सूक्ष्म जात शिरते, आणि गाभा सडल्यावर कुठलंच औषध कामाला येत नाही. तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये मी होते, तिथे लागवडीच्या दिवशी प्रत्येक रोपाचा गाभा आम्ही वाकून तपासायचो.

सात रोपं गेलीच. काकू प्रत्येक कुंडीपाशी थांबत होत्या, मला बघवत नव्हतं. उरलेली नऊ उपटली, काळी पडलेली मुळं कापली आणि तांबडी माती, कोकोपीट, भाताचं तूस अशा भुसभुशीत मिश्रणात उंच बसवली. कुंड्यांखालच्या बशा काढल्या. पाऊस थेट लागणार नाही पण ऊन मिळेल अशा पत्र्याच्या कडेला कुंड्या मांडल्या. पाणी कडेनं, तेही वरची माती सुकल्यावरच.

ऑक्टोबरात काकूंचा फोन आला. "केशरी उमललंय! कात्रीनं कापू का?"

"कात्री नको काकू. मधल्या चकतीतल्या दोन ओळी उमलल्यात का बघा. मग दांडा अगदी बुडाशी धरा आणि बाजूला वाकवून ओढा. कापलेला तुकडा राहिला तर तोही सडतो."

फोन चालूच ठेवून त्या गच्चीत गेल्या.

"निघालं हो," म्हणाल्या.