बाटलीचं रॉकेट, यळ्ळूरचं शिवार

महिन्याचा दुसरा रविवार आमचा उडवायचा. फटाक्याच्या दारूवर चालणाऱ्या मोटरची भानगड नाही. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप. भात कापून झालं की बेळगावजवळच्या यळ्ळूरचं शिवार मोकळं, समोर राजहंसगड.

परवा माझं रॉकेट ५० पीएसआय दाबाला सोडलं. सुटलं झोकात, पण थोडं वर जाऊन कोलांट्या खायला लागलं आणि शेजारच्या मसुरात आडवं झालं. नाक हलकं. वजनाचा मध्य पुरेसा पुढे नसला की पंख असून नसल्यासारखेच. घरी सुतळीला टांगून डोक्याभोवती गरगर फिरवलं असतं तर नाक पुढे राहत नाही हे तिथंच कळलं असतं. आळस, दुसरं काय!

"मसूर तुडवू नकोस गा, मी आणून देतो," काका बांधावरून ओरडले.

मग नाकात शाडूचा गोळा दाबला आणि पुन्हा सोडलं. उंची मोजायला मुलगी ५० मीटरवर कोनमापकाला दोरा नि नट बांधून उभी. "बाबा, ४० अंश!" म्हणजे ५० गुणिले टॅन ४०, ४२ मीटर, वर तिची उंची. कॅरीबॅगचं पॅराशूट मात्र दवानं चिकटून बसलेलं. बाटली चेपली ती चेपलीच.